घरच्या मागावरची चित्रकथा



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर मोठमोठे पंडित बोलून गेले. त्यांच्या रांगेत उभे राहण्याचा माझा अधिकार नाही. माझे शालेय शिक्षण सातवीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तरीही चिटणीसांनी आग्रह केला. हा माणूस यंत्रमाग कामगारांत वावरणारा, तेव्हा किमान वेतनावर किंवा बारा तासांच्या पाळीवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ऐकणारे कंटाळले तरी बोलत राहणार आहे. आज मात्र मी एका आवडीच्या गोष्टीवर बोलणार आहे. आपल्या देशात, आपल्या माणसांनी लिहिलेली आणि काढलेली नवी चित्रकथा, जिला आपण सारे कॉमिक म्हणतो, तो माझा आजचा विषय आहे.

हा विषय कित्येकांना पोरकट वाटेल. धामणकर नाक्यावर एवढे प्रश्न पडलेले असताना पन्नाशी उलटलेल्या माणसाने चित्रांच्या पुस्तकांवर तासभर बोलावे, हे काहींना रुचणार नाही. त्यांची शंका मी आधीच मांडतो. ते म्हणतात, चित्र पाहून मुलाला आयते समजते, म्हणून ते वाचायला आळसावते. हा आरोप नवा नाही. आमच्या लहानपणी मास्तरही हेच म्हणत असत.

मी एक साधे उदाहरण देतो. एका चौकटीत माग चालू आहे आणि धोटा पेटीतून सुटला आहे, असे चित्र काढा. शेजारच्या चौकटीत कामगार डोळ्यावर हात धरून खाली बसला आहे, एवढेच दाखवा. धोटा डोळ्यावर बसला ते चित्र चित्रकाराने काढलेलेच नाही. ते दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीत घडले, आणि ते पाहिले वाचकाने, आपल्या मनात. ती पट्टी भरून काढल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. मूल हे काम पानापानावर करत असते. याला आळस म्हणायचे असेल तर आळस या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही, असे म्हणेन.

शिवाय ही कला काही परदेशातून आगबोटीने आलेली नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांची पोथी पुढे धरून, एकेक पान उलटत, रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत आले आहेत. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. चित्र, शब्द आणि क्रम या तिन्हींनी मिळून सांगितलेली गोष्ट म्हणजे चित्रकथा. ही व्याख्या धरली तर आपले घर या बाबतीत रिकामे नव्हते.

छापील चित्रकथेचा प्रवास मात्र निराळ्या वाटेने झाला. १९५२ साली 'चांदोबा' मराठीत आला. त्यात कथा मुख्य आणि चित्र तिच्या सोबतीला. मग १९६४ साली टाइम्स समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढली, आणि वेताळ व मँड्रेक मराठी बोलू लागले. माझ्या वयाच्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. चार आण्यांत दुकानाच्या फळीवर बसून वाचायचे, घरी नेण्याची परवानगी नाही. त्या फळीवर मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशी चार भाषांतली मुले बसत. ज्याला अक्षर लागत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी. मी कांड्या भरण्याच्या कामाला लागलो तेव्हा माझे अक्षर टिकले ते शाळेमुळे नव्हे, त्या फळीमुळे टिकले.

वेताळ आम्हाला अतिशय आवडे. पण आज शांतपणे पाहिले तर तो होता कोण? जंगलातल्या काळ्या माणसांचे रक्षण करणारा एक गोरा माणूस, तोही पिढ्यान्‌पिढ्या. जंगलातल्या माणसांना आपले रक्षण आपण करता येत नाही, हे त्या कथेने गृहीतच धरले होते. आणखी एक गंमत पाहा. मूळ अमेरिकन कथेत त्या देशाचे नाव आपल्या बंगालशी मिळतेजुळते होते आणि समुद्री चाच्यांच्या टोळीला सिंग हे नाव होते. हिंदुस्थानात ते छापणे अवघड, म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी देशाचे 'डेंकाली' केले आणि सिंगचे 'सिंगा' केले. परक्या मापाचा सदरा अंगाला बसेना, म्हणून शिलाई उसवून पुन्हा घातली. रफू चांगला झाला होता, पण कापड दुसऱ्याचेच होते.

घरचे कापड विणण्याचा पहिला मोठा उद्योग अनंत पै यांनी केला. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे आली, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग ते नेहमी सांगत. १९६७ साली त्यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे 'अमर चित्र कथा' सुरू केली, आणि १९८० साली 'टिंकल'. या कामात मराठी चित्रकारांचा वाटा फार मोठा आहे, तो आपण विसरतो. 'कृष्ण' हे पुस्तक राम वाईरकरांच्या कुंचल्यातले. टिंकलमधल्या सुप्पंडीला रूपही त्यांनीच दिले. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेची कित्येक पुस्तके काढली, आणि पुढे १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज जन्मला तेव्हा त्याची पहिली चित्रे त्यांचीच होती. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू रोज भेटू लागला. त्याने मराठी घरात तीन-चार चौकटींची सवय लावली.

अमर चित्र कथेचे उपकार मी मानतो, पण माल घरचा आहे म्हणून तो तपासून घ्यायचा नाही, हे मला मान्य नाही. कापडाचा तागा घरचा असला तरी आपण तो उजेडात धरून पाहतोच. त्या पुस्तकांत देव आणि राजे बहुधा गोरे, राक्षस काळे. शूर पुरुष उच्चकुळीचे. हाताने काम करणारा माणूस असलाच तर मागे, ओझे वाहताना. १९७९ साली बाबासाहेब आंबेडकरांवर पुस्तक निघाले, ही मोठी गोष्ट झाली. पण विणकर, गिरणी कामगार, कष्टकरी बाई यांना नायक-नायिका होण्याचा मान त्या काळात क्वचितच मिळाला.

याला एक अपवाद मला फार जवळचा वाटतो. १९७६ साली आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी 'बहादूर' निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याची चित्रे काढली. बहादूर हा डाकूचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मेला त्यानेच त्याला वाढवले. अंगात झब्बा, खाली जीन. त्याच्याकडे जादू नाही, मुखवटा नाही. तो गावातल्या माणसांना एकत्र करून नागरिक सुरक्षा दल उभारतो. संघटना बांधणारा नायक मी प्रथम पाहिला तो असा! या आबिद सुरतींनी पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, २००७ साली मीरा रोडला घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करण्याची मोहीम सुरू केली. मीरा रोड म्हणजे आपलाच ठाणे जिल्हा. बहादूरचा जनक असा नळाखाली वाकलेला मला अधिकच मोठा वाटतो.

१९९० साली इंद्रजाल बंद पडले. दूरचित्रवाणी घरोघर आली. फळीवरची दुकाने उठली. चित्रकथेचे दिवस संपले, असे जाणकार म्हणू लागले. इथपर्यंतचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. माझा उत्साह आहे तो त्यानंतरच्या भागाबद्दल.

१९९४ साली ओरिजित सेन या चित्रकाराने 'रिव्हर ऑफ स्टोरीज' नावाचे पुस्तक काढले. विषय होता नर्मदेवरचे धरण. एका बाजूला आदिवासींची सृष्टीच्या उत्पत्तीची गाणी आणि दुसऱ्या बाजूला धरणाची बातमी शोधत निघालेला तरुण पत्रकार, असे दोन प्रवाह त्यात शेजारी वाहतात. सरदार सरोवराच्या पाण्यात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे सापडली, तेव्हा ही गोष्ट आपल्याही घरची आहे. पुस्तक थोडे छापले गेले आणि अनेक वर्षे मिळेनासे झाले. २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ते पुन्हा छापले. अनेक जाणकार त्याला भारतातली पहिली चित्र-कादंबरी मानतात.

२०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने दोन पुस्तके काढली, आणि दोन्ही आपल्या महाराष्ट्राची आहेत. एक महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर, 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. लेखन श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रे अपराजिता निनन यांची. १८७३ साली लिहिलेला ग्रंथ आजच्या दोन तरुण मुलींच्या नजरेतून पुन्हा उभा राहतो. दुसरे 'भीमायन'. शाळेत पाणी न मिळालेला छोटा भीमराव, बडोद्यात राहायला जागा न मिळालेले विलायतेत शिकलेले भीमराव, हे त्यातले प्रसंग. चित्रे काढली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड जोडप्याने. त्यांनी पानावर सरळ चौकटी आखल्याच नाहीत. माणसांना पेटीत कोंडणे त्यांना मंजूर नव्हते. म्हणून घरांच्या भिंतींवर ते ज्या नक्षीच्या पट्ट्या काढतात, त्याच पट्ट्यांनी पान विभागले. बोलण्याचे फुगे तर पाहण्यासारखे आहेत. जो माणूस मायेने बोलतो त्याच्या शब्दांभोवती पक्ष्याचा आकार, आणि जो जातीचे विष ओकतो त्याच्या शब्दांना विंचवाची नांगी. एवढे पाहिले की वाचता न येणाऱ्यालाही कोण कसे बोलतो ते कळते.

हे पुस्तक मी आमच्या कचेरीतल्या टेबलावर ठेवले होते. रात्रपाळी सुटलेला एक तेलुगू कामगार ते चाळत बसला. त्याला इंग्रजी येत नाही, मराठी अर्धवट. विंचवाच्या शेपटीवर बोट ठेवून त्याने मला विचारले, "साहेब, हा माणूस मालक आहे का?" मी म्हटले, "मालक नाही, पण तुझे बरोबर आहे." असा वाचक भेटल्यावर चित्रकथेची योग्यता मला दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज उरली नाही.

२०११ सालापासून कॉमिक कॉन नावाच्या जत्रा दिल्ली-मुंबईत भरू लागल्या आणि तरुण मंडळी स्वतःची पुस्तके स्वतः छापून तिथे विकू लागली. अभिजित किणी या मुंबईच्या चित्रकाराची 'अँग्री मावशी' त्याच सुमाराची. लुगडे नेसलेली, भडकलेली मावशी भ्रष्टाचाऱ्यांच्या मागे लागते. वेताळाला जे जमले नाही ते हिला जमते, कारण ही आपल्या आळीतली आहे. तिचा राग कुठून आला हे समजावून सांगावे लागत नाही.

राम व्ही. यांनी लिहिलेले आणि आनंद राधाकृष्णन यांनी चितारलेले 'ग्राफिटीज वॉल' हे पुस्तक मुंबईतल्या चार तरुणांची कथा सांगते. एक मुलगा भिंती रंगवतो, बाकीचे आपापल्या स्वप्नांमागे धावतात. गल्ली, पत्र्याची छपरे, पावसाने काळवंडलेल्या इमारती इतक्या खऱ्या की पान हुंगावेसे वाटते. त्यातले अक्षरलेखन आदित्य बिडीकर यांचे आहे. फुग्यातले अक्षर हाताळणे हे स्वतंत्र कसब आहे, हे मला त्यांच्या कामावरून कळले. अक्षर कुठे जाड करावे, कुठे थरथरते ठेवावे, यावर कुजबुज आणि आरोळी अवलंबून असते. आनंद राधाकृष्णन यांना पुढे 'ब्लू इन ग्रीन' या पुस्तकातील चित्रांसाठी २०२१ साली जॉन पिअरसन यांच्यासमवेत आयस्नर पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या कॉमिक-जगात त्याहून मोठा मान समजत नाहीत.

मंडळी, इथे टाळ्या वाजवून घरी जाता आले असते. पण माझा धंदा हिशेब तपासण्याचा आहे. मी आता ज्यांची नावे घेतली त्या नव्या पुस्तकांकडे पुन्हा पाहा. 'रिव्हर ऑफ स्टोरीज' इंग्रजी. 'भीमायन' मूळ इंग्रजी. फुल्यांनी मराठीत लिहिलेल्या ग्रंथावरचे पुस्तक, तेही इंग्रजी. 'ग्राफिटीज वॉल' तर आधी ब्रिटनमध्ये आणि मग २०२० साली अमेरिकेत छापले गेले. मुंबईची गल्ली, मुंबईचा चित्रकार, आणि पुस्तक मुंबईच्या मुलाला मिळायचे ते परदेशातून, परदेशी भाषेत, परदेशी किमतीला. किंमत काही शे रुपये, म्हणजे आपल्या कित्येक कामगारांची दिवसाची मजुरी.

हा व्यवहार भिवंडीकरांना ओळखीचा वाटायला हवा. कापूस वऱ्हाडचा, कापड मँचेस्टरचे, आणि ते विकत घ्यायचे कापूस पिकवणाऱ्याने. आपल्या आजोबांनी परदेशी कापडाची होळी केली ती याच हिशेबापायी. माझा रोख कोणा लेखकावर नाही. ज्याला इथे प्रकाशक मिळत नाही, पोटापुरते पैसे मिळत नाहीत, तो जिथे मिळतील तिथे जाईल. उत्तरेतून आणि तेलंगणातून माणसे भिवंडीला आली ती याच कारणाने. दोष त्यांचा नव्हे. प्रश्न असा आहे की घरची चित्रकथा म्हणताना आपण कोणाचे घर धरतो? ज्या मुलाच्या घरात इंग्रजी नाही आणि पाचशेची नोट पुस्तकासाठी सुटत नाही, ते घर त्यात येते की नाही?

दुसरा हिशेब मजुरीचा. १९३८ साली अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरना विकले. मालकांनी त्या एका नायकावर अमाप पैसा मिळवला. हे दोघे म्हातारपणी हलाखीत दिवस काढत होते. १९७५ साली वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, सहकारी चित्रकारांनी दबाव आणला, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन आणि पुस्तकावर नाव मिळाले. जगातला सर्वांत बलवान माणूस ज्यांनी निर्माण केला त्यांना आपल्या हक्कासाठी शेवटी संघटितपणाच उपयोगी पडला. ही गोष्ट मी प्रत्येक कामगार शिबिरात सांगतो.

आपल्याकडे काय आहे? आपल्याच वस्तीतला एक मुलगा आहे, मागावर काम करतो, चित्रे उत्तम काढतो. एका धंदेवाल्याने त्याच्याकडून पानावारी दराने चाळीस पाने काढून घेतली. कागदावर सही घेतली. पुस्तकावर नाव नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचून दाखवला, आणि तेच इथे सांगतो, कारण आपल्यात आणखी असे मुलगे-मुली असतील. नोकरीत राहून काढलेल्या चित्राचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो. पण हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागते, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतात. आणि हक्क विकले तरी हे काम माझे आहे असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो. म्हणून सही करण्याआधी मुदत, प्रदेश, मोबदला आणि नाव या चार गोष्टी तपासा. मागावर वार मोजून घेतो तसे पान मोजून घ्या. त्या मुलाने आता पत्र पाठवले आहे. निकाल काय लागेल तो लागो, पण निदान त्याला कळले की कुंचला हेही हत्यार आहे आणि हत्यार चालवणारा तो कामगारच आहे.

आता कोणी विचारील, ठीक आहे, पण आपण काढायचे तरी काय? मी म्हणतो, गोष्टींची वाण नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्या रविवारी मुले पाय पसरून कॉमिक वाचतात त्या रविवारचीच गोष्ट त्यांना ठाऊक नाही! ती चौकटींत यावी.

दुसरी गोष्ट याच गावची आहे. १९७० आणि १९८४ साली भिवंडीने दंगली पाहिल्या. त्या आठवणी ज्यांच्या आहेत ते इथे बसलेले आहेत, म्हणून मी अधिक बोलत नाही. पण १९८८ पासून इथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, विणकर, दुकानदार, रिक्षावाले, समोरासमोर बसू लागली. भांडण लहान असतानाच मिटवू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा अवघ्या काही कोसांवरची भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले आहे. बहादूरचे नागरिक सुरक्षा दल कागदावर होते. हे आपल्या गल्लीत घडले. या गोष्टीत उडणारा नायक नाही, मुखवटा नाही. रात्री दोन वाजता चहाच्या किटल्या घेऊन कोपऱ्यावर बसलेली माणसे आहेत. पण दोन चौकटींमधल्या त्या मोकळ्या पट्टीत काय काय घडू शकले असते आणि घडले नाही, हे दाखवायला याहून चांगला विषय मला सुचत नाही. जगाला दंगली चितारून दाखवणारे पुष्कळ आहेत. न झालेली दंगल चितारणारा चित्रकार भिवंडीतच निघाला पाहिजे.

साधने कुठून आणायची, हा प्रश्न राहिला. दिल्लीच्या शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने त्यावर स्वस्त उपाय दाखवला आहे. साध्या टंकलेखनाच्या आकाराचे दोन कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या, काळ्या शाईने आपली गोष्ट काढायची, झेरॉक्स मारायची आणि भिंतीवर डकवायची. ज्यांनी कधी चित्र काढले नाही अशा खेड्यापाड्यांतल्या माणसांकडून त्यांनी अशा भित्तिकथा करून घेतल्या आहेत. खर्च चहाच्या दोन कपांचा. पहिल्या चौकटीत प्रश्न, मधल्या दोन चौकटींत तो कसा वाढतो, चौथीत काय करावे. आमची पत्रके चार भाषांत छापावी लागतात, आणि तरी निम्मी न वाचता खाणावळीत पुड्या बांधायला जातात. चित्राला भाषांतर कमी लागते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, आणि त्या मी या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे, वाचनालयांच्या कार्यकारिणीपुढे आणि आमच्या युनियनपुढे सारख्याच ठेवतो. पहिली: १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे ज्या वाचनालयांना अनुदान मिळते त्यांनी खरेदीत चित्रकथांसाठी एक कप्पा राखावा, आणि तो कपाटात कुलूप लावून न ठेवता मुलांच्या हाताला लागेल असा उघडा ठेवावा. दुसरी: ज्या चांगल्या पुस्तकांची इंग्रजी प्रत आहे त्यांची मराठी, उर्दू, तेलुगू प्रत निघावी म्हणून प्रकाशकांना पत्रे लिहावीत. गिऱ्हाईक आहे हे कळल्याशिवाय माग कोणी लावत नाही. पन्नास पत्रे गेली तर प्रकाशक विचार करील, पाचशे गेली तर छापील. तिसरी: येत्या मे महिन्यात युनियनच्या कचेरीची लांब भिंत मी मोकळी करून देतो. तिथे दर रविवारी चार चौकटींच्या कथा लागतील. कोणीही काढाव्या, कोणत्याही भाषेत काढाव्या. अट एकच, खाली काढणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे.

अध्यक्षमहाराज, चित्रकथेने मजुरी वाढणार नाही, पाळी आठ तासांची होणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते काम दुसऱ्या मार्गाने करायचे आहे आणि ते चालू आहे. पण ज्या माणसाने आपल्यासारखा माणूस कधी पुस्तकाच्या पानावर पाहिला नाही, त्याला आपले जगणे सांगण्याजोगे आहे असे वाटत नाही, आणि ज्याला असे वाटत नाही तो सभेत उभा राहून बोलतही नाही. मला बोलणारी माणसे हवी आहेत. पहिल्या रविवारी भिंतीवर काय लागणार हे ठरवायला उद्या संध्याकाळी सात वाजता कचेरीत या. कागद आणि शाई आम्ही ठेवू.